पत्नीच्या आठवणींचं पुस्तक दोन पानांवरच अडलंय

पत्राचा सारांश: शाहूपुरी, कोल्हापूर इथले सत्तरीचे वाचक, बँकेतून निवृत्त. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर दहा महिन्यांपूर्वी पत्नी गेल्या. वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलंय. त्या दिवशी शंभर पानांची स्मरणिका, पाचशे प्रती, वाटायचं यांनी ठरवलंय. पण लिहायला बसलं की दोन पानांत सगळं संपतं, "प्रेमळ, कष्टाळू, सोशिक याच्या पुढं पेन जात नाही." पुण्यातली मुलगी म्हणते, "बाबा, आईच्या नावानं तुमचंच चरित्र येणार." मुलाचं म्हणणं, पुस्तक कशाला, शाळेत बक्षीस ठेवू. २०१९च्या महापुरात तळमजल्यावरचे अल्बम भिजले, त्यातले बरेच फोटो एकमेकांना चिकटलेत. पत्नीच्या मोबाइलचा रिचार्ज यांनी चालू ठेवलाय, पण आता तो नातवाला द्यायचं घरात चाललंय. आणि पत्राच्या अगदी शेवटी: लग्नाआधी त्या डी.एड. झाल्या होत्या. १९८२ला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणुकीचं पत्र आलं. यांच्या वडिलांनी नको म्हटलं, हे गप्प बसले. पुढं कित्येक वर्षं त्या दुपारी गल्लीतल्या पोरांचा अभ्यास घ्यायच्या. "हे लिहावं का? लोक काय म्हणतील?"

उत्तर:

पुस्तकाचं नंतर बघू. आधी तो मोबाइल कपाटात ठेवा आणि नातवाला दुसरा घेऊन द्या.

तुमच्या घरातली सगळ्यात नाजूक वस्तू आज तीच आहे. त्यात त्यांचा आवाज आहे. रिचार्ज चालू ठेवलात हे फार चांगलं केलंत, पण तेवढं पुरत नाही. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरात दिसला नाही तर बंद होऊ शकतो आणि काही काळानं दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅप १२० दिवस इंटरनेटला जोडलं गेलं नाही तर खातं काढून टाकतात. गूगल खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर फोटोंसकट जाऊ शकतं. म्हणजे फोन चार्ज करून आठवड्यातून एकदा वाय-फायला जोडायचा, आणि नंबर वापरात दिसावा म्हणून त्यावरून एखादा फोनही लावायचा. पिन माहीत नसेल तर अंदाजानं दाबत बसायचं नाही. आणि दुकानात नेऊन "रीसेट मारून द्या" हे तर अजिबात म्हणायचं नाही. त्या एका वाक्यात सगळं पुसलं जातं.

मुलाला किंवा सुनेला रविवारची एक दुपार द्यायला सांगा. फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडायचा. त्यातल्या अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये व्हॉइस नोट्सचा वेगळा फोल्डर असतो, तो जसाच्या तसा उचलून घ्यायचा. फाइलच्या नावातच वर्ष-महिना-तारीख असते, म्हणून नावं बदलू नका. वाजवायला सोपं जावं म्हणून एमपी-थ्री प्रती करा, मूळ फाइली मात्र ठेवा. त्यांनी पाठवलेल्या नोट्स बहिणींच्या, मुलीच्या, शेजारणींच्या फोनमध्येही असतील. या मंडळींनी जागा होत नाही म्हणून पुसायच्या आत आजच फोन करा. "दही संपलंय, येताना आण" एवढीच नोट असली तरी घ्या. वीस वर्षांनी नातवाला आजीचा हेल त्यातूनच कळणार आहे, कुणाच्या भाषणातून नव्हे. काहींच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, तेही एकदा तपासा.

हे सगळं तीन ठिकाणी ठेवा: घरी एका हार्ड डिस्कवर, मुलीच्या कॉम्प्युटरवर पुण्यात आणि ऑनलाइन कुठंतरी. नुसता पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकून पाच वर्षांनी काढला तर तो उघडेलच असं नाही. पंचगंगेचं पाणी २००५, २०१९, २०२१ असं तीनदा शहरात शिरलेलं पाहिलेल्या माणसाला, एक प्रत गावाबाहेर का हवी, हे समजावून सांगायला नको.

आता तुमच्या दोन पानांकडे येऊ. तुम्हाला वाटतंय की लिहिता येत नाही म्हणून अडलंय. मला तसं वाटत नाही. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक हे शब्द चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतात. नाव आणि फोटो बदलला की त्याच मजकुरात कुणालाही श्रद्धांजली वाहता येते. तुमच्याकडे शब्द कमी नाहीत, माहिती कमी आहे. हे ऐकायला कठोर वाटेल. पण विचार करा, लग्न झालं तेव्हा त्या बाविशीच्या होत्या. त्याआधीची बावीस वर्षं तुम्ही पाहिलेलीच नाहीत. लग्नानंतर रोज दहा ते सहा तुम्ही बँकेत होतात, ती दुपारही तुम्ही पाहिलेली नाही. जे आयुष्य त्यांनी तुमच्या डोळ्यांआड काढलं, ते दुसऱ्या माणसांकडे आहे. मुलगी जे बोलली ते टोचणारं असलं तरी त्यात तथ्य आहे: एकट्या तुमच्या आठवणीवर पुस्तक काढलं तर ते तुमचंच होईल.

म्हणून लिहिणं थांबवा, गोळा करायला लागा. दोनशे पानी वही घ्या आणि त्यांच्या जन्मवर्षापासून गेल्या वर्षापर्यंत प्रत्येक वर्षाला एक पान द्या. माहीत असेल ते टाका: शाळा, बदल्या, बाळंतपणं, घर कधी बांधलं, शिलाई मशीन कधी आलं. साल आठवत नसेल तर मोठ्या घटनांना धरून विचारा. डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या कितवीत होत्या? ७२च्या दुष्काळात माहेरी काय खात होते? इंदिरा गांधी गेल्या त्या दिवशी कुठं होत्या? बायकांना साल सहसा आठवत नाही, पण तेव्हा कडेवर कुठलं मूल होतं ते हमखास आठवतं. वही भरत आली की काही पानं कोरी दिसतील. बहुतेक घरांत मुलांच्या शाळेची दहा-बारा वर्षं अशी असतात, आईच्या पानावर फक्त मुलांचे वर्ग आणि टक्के. ती पानं मुद्दाम भरायची, कारण त्या दुपारी तुमच्या पत्नी गल्लीतल्या पोरांना शिकवत होत्या.

कागदही शोधा. शाळेतलं जनरल रजिस्टर कायम जतन करायचं असतं. माहेरच्या गावच्या शाळेत अर्ज केला तर दाखल्याची तारीख, जन्मतारीख, माहेरचं पूर्ण नाव, शाळा कधी सोडली हे मिळतं. अर्ज माहेरच्या नावानंच करा, सासरच्या नावानं रजिस्टरमध्ये काही सापडणार नाही. बचत गटात असतील तर गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत त्यांची सही असेल, कदाचित एखादा ठराव त्यांनी मांडलेला असेल. आणि जुनी कालनिर्णय घरात उरली असतील तर रद्दीत घालू नका. तारखेच्या चौकोनात दुधाचे लिटर, "गॅस लावला", "बाई आली नाही", कुणाच्या बारशाची वेळ अशा बारीक अक्षरातल्या नोंदी असतात. डायरी लिहायची सवय नसलेल्या बाईची रोजनिशी बऱ्याचदा तीच असते. पानं सपाट करून दिवसाउजेडी फोटो काढा, फ्लॅश न मारता.

आता माणसं. यादी करताना जवळचं-लांबचं बघू नका, वय बघा. सगळ्यात थोरली बहीण आधी, मग शाळेतली मैत्रीण, मग भिशीतल्या बायका, शेजारीण, ब्लाउज शिवणारी, कपिलतीर्थातली भाजीवाली. बहिणीकडे मात्र तुम्ही जाऊ नका, मुलीला पाठवा. दाजी समोर बसले की मेहुणी चहा करायला उठते आणि "आमची धाकटी लई गुणाची" यापलीकडे काही सांगत नाही. हा संकोच आहे, त्यांचा दोष नाही. भाचीपाशी त्या तासभर बोलतील.

रेकॉर्डिंग फोनवर चालतं, पण त्याच्या काही खोडी आहेत. फोन एअरप्लेन मोडवर टाकला नाही तर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. डोक्यावरचा पंखा आपल्याला ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र सगळ्यावर तोच ऐकू येतो. फोन नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक ठोका बसतो, म्हणून खाली घडी घातलेला नॅपकिन घाला. सुरुवातीला दिवस, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं म्हणा. रेकॉर्ड करतोय हे सांगूनच करा. चोरून केलेलं पुढं छापताना घरात भांडण लावतं. पाऊण तास पुरे. म्हातारी माणसं त्यापुढं थकतात आणि तेच तेच सांगायला लागतात.

"कशी होती हो?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर एकच असतं, आणि ते तुम्ही दोन पानांत लिहून झालात. विचारायचं ते असं: शाळेला कुठल्या वाटेनं जायचात? मार कुणी खाल्ला, कशासाठी? नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा माहेरी काय म्हणाले? सासरी आल्यावर पहिल्यांदा रडत माहेरी आली ती कधी? स्वतःच्या पैशानं पहिल्यांदा काय घेतलं? जुना फोटो हातात देऊन विचारलं तर आणखी निघतं. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प बसा. शांतता नको वाटते म्हणून आपणच दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिल्याचं उत्तर तोंडातच राहतं.

तुमचीही मुलाखत मुलीला घेऊ द्या. लिहिताना तुमचं पेन अडतं, कारण कागद दिसला की तुम्हाला शोकसभा दिसते. बोलताना नाही अडणार.

अल्बमचं सांगतो. ओले असताना स्वच्छ पाण्यात धरून फोटो सुटले असते. आता इतकी वर्षं वाळून फोटोवरचा जिलेटिनचा थर स्वतःच डिंक झालाय. ओढलं तर चेहरा एका बाजूला आणि कागद एका बाजूला येतो. आधी आहे त्या अवस्थेत, चिकटलेल्या गठ्ठ्याचाही, वरून फोटो काढून ठेवा. मग सगळ्यात बिनमहत्त्वाची जोडी गार पाण्यात घालून बघा. अर्ध्या-एक तासात कडा आपोआप सुटल्या तर बाकीच्यांचा विचार करा, नाही तर थांबा. रंग पाण्यात उतरायला लागला तर लगेच बाहेर काढा. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले फोटो तर पाण्यात घालूच नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करायचा, काच काढायची नाही. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळू फिरवला की बरेचसे निघतात. न निघाले तर पान तसंच स्कॅन करा. नेहमीच्या चार बाय सहाच्या फोटोला स्कॅनरवर ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरतं, त्यातून दुपटीनं मोठा छापता येतो. पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२०० ठेवा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि कुणीतरी लिहिलेली नावं तिथं असतात. निगेटिव्ह सापडल्या तर नशीबच, फोटोपेक्षा त्यातून स्कॅन चांगला येतो. आणि तुमच्याकडचे गेले म्हणजे सगळे गेले असं धरू नका. लग्नाचे फोटो दोन्हीकडे वाटलेले असतात. बहिणींच्या ट्रंका उघडायला सांगा.

स्वयंपाकाचं एक पान पुस्तकात नक्की असू द्या, पण "त्यांच्या हाताला चव होती" असं नको. कांदा-लसूण चटणी त्या उन्हाळ्यात करत असतील, तर सुनेनं किंवा शेजारणीनं त्यांच्या पद्धतीनं एकदा करावी आणि दुसऱ्यानं काट्यावर प्रत्येक जिन्नस मोजून लिहावा. त्यांची वाटी कुठली ते विचारा आणि तिच्यात पाणी मावतं किती ते मिलीलिटरमध्ये लिहा; "वाटीभर खोबरं" याला त्याशिवाय अर्थ नाही. ब्याडगी मिरची किती, संकेश्वरी किती, कांदा वाळवून तळायच्या की नुसताच परतायच्या, डंकावर (चटणी कुटायच्या गिरणीत) मीठ कधी घालायला सांगायच्या, हे विचारा. कांद्यात ओल राहिली तर चटणीला बुरशी येते, आणि कृतीतली नेमकी हीच पायरी सांगणारे विसरतात, कारण ती त्यांना सांगण्यासारखी वाटत नाही.

साड्या एवढ्यात वाटू नका. सुती साड्यांची वाकळ शिवता येते, ती नातवंडांना द्या. जरीच्या साड्या वाकळीत टिकत नाहीत. त्यांना मलमलमध्ये गुंडाळा, दोन-तीन महिन्यांनी घडी मोडा आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

नेमणुकीच्या पत्राचं. तुम्ही ते पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते या पुस्तकाचा मधला खांब तोच आहे. लिहा. तीन वाक्यं पुरतात: "१९८२ला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणुकीचं पत्र आलं. वडील नको म्हणाले. मी काही बोललो नाही." "त्या काळी असंच होतं" हे पुढं जोडू नका, त्यानं वाक्याची धार जाते. माफीचा परिच्छेदही नको, नाही तर पुन्हा पुस्तक तुमचंच होईल. लगेच पुढच्या ओळीत दुपारच्या अभ्यासाकडे या. किती मुलं यायची, कुठं बसायची, फळा होता की पाटी, पाढे म्हणून घ्यायच्या की गोष्ट सांगायच्या, पैसे घ्यायच्या का? ती पोरं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतली निम्मी अजून कोल्हापुरातच असतील. त्यांना गाठा. नोकरी नाकारली गेलेली शिक्षिका शिकवायची थांबली नाही, हे त्यांच्या तोंडून आलं तर तुम्हाला विशेषणाची गरजच पडणार नाही. लोक काय म्हणतील म्हणता? बहुतेक घरांत असं एक पत्र कपाटात पडलेलं असतं. लोक गप्प वाचतील.

सगळंच छापायचं असतं असंही नाही. दुखण्यातले शेवटचे महिने, सासूबाईंशी झालेले वाद, कुणा हयात माणसाबद्दल त्या खाजगीत बोललेलं. हे पान हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांसमोर त्यांनी वाचू दिलं असतं का, असं स्वतःला विचारून बघा. नाही वाटलं तर ते घरच्या वहीत राहू द्या, पुस्तकात नको. वही मात्र फाडू नका.

आता दोन महिन्यांचं काय? वर्षश्राद्ध तिथीनं येतं, म्हणजे तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी. मध्ये अधिक मास असेल तर अठरा-एकोणीस दिवस नंतर. गुरुजींकडून तिथी पक्की करून घ्या. त्या दिवसासाठी ए-फोर कागद मधे दुमडून चार पानांचं पत्रक करा, बस्स. पहिल्या पानावर फोटो, सासरचं आणि माहेरचं पूर्ण नाव. आत पंधरा-वीस ओळींत सालवार आयुष्य. मागं त्यांच्या अक्षरातलं एखादं पान आणि विनंती: तुमच्याकडे यांचा फोटो, पत्र, व्हॉइस नोट, आठवण असेल तर या नंबरवर पाठवा. बाजूच्या टेबलावर कोरे कागद, पेनं आणि स्कॅन करायला बसलेला एक नातू ठेवा. शंभर पानं वाटून लोक घरी जातील. चार पानं वाटलीत तर पन्नास माणसं काहीतरी आणून देतील. पुस्तक मग पितृपक्षातल्या अविधवा नवमीला काढा. तुमच्या आधी गेलेल्या सवाष्ण पत्नीसाठी तोच दिवस आहे, आणि माहेरची माणसं त्या दिवशी आठवणीनं येतात. यंदाची जमली नाही तर पुढच्या वर्षीची.

प्रती पाचशे कशाला? नावं लिहून बघा, दीडशेच्या पुढं यादी जाणार नाही. तेवढ्याला डिजिटल छपाई बरी, ऑफसेट तीनशे-पाचशेच्या पुढं परवडतं. पानं सोळाच्या पटीत धरा, अठ्ठेचाळीस छान. एवढ्याला मधोमध पिना चालतात. कागद ऐंशी जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे साधा, बिनचकाकीचा घ्या. चकचकीत आर्ट पेपर भिजला की पानं विटेसारखी चिकटतात आणि उघडत नाहीत. तुमच्या गल्लीला तो नकोच. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून दिला तरी डीटीपीवाले जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात, त्यात रफार सरकतो, "ऱ्या" तुटतो, आकडे बदलतात. म्हणून प्रूफ स्क्रीनवर नाही, छापील कागदावर वाचा आणि शेवटची पीडीएफ मागून घ्या. एक प्रत करवीर नगर वाचन मंदिराला विचारून द्या. १८५०पासूनचं ग्रंथालय आहे, तुमच्या घरापेक्षा जास्त टिकेल.

मुलाचं बक्षीसही वाईट नाही, पण ठेवीच्या व्याजावर चालणारी बक्षिसं काही वर्षांत नावापुरती उरतात. त्यापेक्षा त्यांच्या माहेरच्या शाळेला दरवर्षी जूनमध्ये पुस्तकं नेऊन द्या, आणि मुलानं स्वतः जावं. पुस्तकाला विरोध म्हणून नव्हे, दोन्ही होऊ शकतं.

शेवटचं प्रूफ मात्र थोरल्या मेहुणीला वाचून दाखवा. माहेरच्या नावांतल्या आणि नात्यांतल्या चुका शाहूपुरीत कुणालाच दिसणार नाहीत.